पिसवा मोजायला गेलो तेव्हा

आरोग्य खात्यात कीटक समाहारक नावाचं एक पद असतं. त्या पदावर मी एकतीस वर्षं काढली. काम असं: सकाळी उजाडायच्या सुमाराला लोकांच्या घरात शिरायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसलेले डास शोधायचे, काचेच्या नळीनं तोंडानं ओढून परीक्षानळीत घालायचे आणि कापसाचा बोळा लावून ऑफिसात आणायचे. तिथे त्यांची जात ओळखायची, नर-मादी वेगळे करायचे, रजिस्टरात लिहायचं. गावोगावी मला 'मलेरियावाले भाई' म्हणत. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो. माझ्या वडिलांनी 'सरकारी' एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

पिसवांशी माझा संबंध प्रशिक्षणापुरता. नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला देशावर पंधरा दिवस पाठवलं होतं. उंदीर पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये आडवा धरायचा, ब्रशनं केस उलटे विंचरायचे, खाली पडतील त्या पिसवा चिमट्यानं उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या, असं शिकवलं. मी ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर पिसवांबद्दल मला कोणी काही विचारलं नाही.

मग एका सकाळी तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला. दिवाळी होऊन गेली होती. साहेब म्हणाले, "तुम्हाला पिसवा काढता येतात ना?"

मी म्हटलं, "शिकलोय."

"मग निघा. एका वाडीत उंदीर पडतायत. सिस्टर तुम्हाला पायथ्याशी भेटतील."

मंडणगडच्या पुढे एके ठिकाणी डांबरी रस्ता संपतो. तिथून तासभर चढ. वर सव्वीस घरांची कुणब्यांची वाडी. त्यातल्या अकरा घरांना कुलपं, माणसं मुंबईला. वाडीची शाळा पटसंख्या नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद झालेली. फोनची रेंज सगळ्या वाडीत एकाच जागी, शाळेच्या अंगणात झेंड्याच्या खांबाजवळ. हे सगळं मला सिस्टरनी चढता चढता सांगितलं. त्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविका; त्या भागातली प्रत्येक गरोदर बाई आणि प्रत्येक चावरा कुत्रा त्यांना माहीत होता.

मग त्या म्हणाल्या, "भाई, उंदरांचं एक झालं. पण तिथला एक माणूस तीन दिवसांपूर्वी वारला. ताप आला, खोकला आला, चौथ्या दिवशी गेला. त्याचा धाकटा भाऊ कालपासून खोकतोय. मी मॅडमना कळवलंय. त्या दुपारपर्यंत येतील."

मॅडम म्हणजे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर. लातूरकडच्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, बाँडचं वर्ष पुरं करायला आलेल्या. आल्या तेव्हा त्यांना खेकडा आणि कुर्ली हे एकच असतं हेही माहीत नव्हतं.

सिस्टर आधी बाकीच्या घरांत चौकशीला गेल्या. मी सरळ त्या धाकट्या भावाच्या घरात गेलो, कारण उंदीर तिथे पडत होते आणि मला उंदरांसाठी पाठवलं होतं. मास्क होता माझ्याकडे. चढताना श्वास लागला म्हणून तो मी गळ्यात ओढून घेतला होता, तो तिथेच राहिला.

मातीच्या भिंतींचं घर, वर कौलं, माळ्यावर नवं भात येऊन पडलेलं. तो माणूस पडवीच्या खोलीत अंथरुणावर भिंतीला टेकून बसला होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा. डोळे लाल. मी त्याच्या शेजारी पाटावर बसलो आणि विचारलं, पहिला उंदीर कुठे पडला.

"तिथं, चुलीपाशी," तो म्हणाला. "वरनं पडला नि गोल गोल फिराय लागला. आमी म्हटलं, कुणीतरी औषध घातलं असंल. मंग दुसऱ्या दिवशी चार. थोरल्यानं शेपटीला धरून टाकले." तो खोकला, हाताच्या पंजानं तोंड पुसलं आणि पुढे म्हणाला, "थोरला तापला तवा मीच हुतो त्याच्याजवळ. मीच अग्नी दिला. त्याला मुलगा नाय."

त्याच्या बायकोनं मला चहा आणून दिला. चहा नको म्हणायची आमच्या कामात पद्धत नाही. मी चहा प्यायलो, मग मागच्या पडवीत जाऊन कोपऱ्यातला नुकताच मेलेला उंदीर चिमट्यानं उचलला, ट्रे मांडला आणि वहीत लिहिलं होतं तसा विंचरला. अकरा पिसवा निघाल्या. एका उंदरावर अकरा म्हणजे खूप झाल्या. मला जरा बरं वाटलं, की इतक्या वर्षांनी हात चुकला नाही.

मॅडम दुपारी आल्या. आल्या त्या दोन मास्क, चष्मा, हातमोजे घालूनच. त्यांनी रोग्याला तपासलं, मग उशाशी ठेवलेली स्टीलची वाटी उचलून उजेडात नेली. वाटीत त्याची थुंकी होती. तिचा रंग गुलाबी होता आणि वर फेस. मॅडम ती बराच वेळ पाहत राहिल्या. मग बाहेर अंगणात आल्या आणि मला म्हणाल्या, "काका, तुम्ही आत गेला होतात?"

"हो."

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल. बोलत बसलो होतो."

"किती लांब?"

मी हातानं दाखवलं. सव्वा-दीड हात. मग त्यांनी माझ्या गळ्यातल्या मास्ककडे पाहिलं. मीही पाहिलं.

"तो खोकत होता तेव्हा?"

"तेव्हा चहा घेत होतो," मी म्हटलं.

मॅडम काही रागावल्या नाहीत. त्या खाली पायरीवर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "उंदरापासून माणसाला होतो तो एक प्रकार. गाठ येते. त्याला पिसू लागते. पण तो फुफ्फुसात उतरला की मग पिसू लागत नाही. माणूस खोकला की पुरे. औषध वेळेत गेलं तर माणूस वाचतो. वेळ म्हणजे एक दिवस, फार तर दीड."

मी विचारलं, "प्लेग?"

"रिपोर्ट येईपर्यंत हा शब्द वाडीत कोणी उच्चारायचा नाही, असं वरून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आता घरी जायचं नाही."

त्यांनी रोग्याला तिथेच इंजेक्शन दिलं, थुंकी आणि रक्ताचे नमुने थंड डब्यात घेतले. आता त्याला खाली रस्त्यापर्यंत न्यायला हवं होतं, तिथे अॅम्ब्युलन्स उभी होती. चढणीच्या गावांत डोली करतात. लांब बांबूला घोंगडी बांधायची, माणूस आत निजवायचा, चौघांनी आळीपाळीनं खांदा द्यायचा. बांबू मिळाला, घोंगडी मिळाली, माणसं मिळेनात. दारं अर्धी उघडी होती आणि प्रत्येक दाराच्या फटीत कोणीतरी उभं होतं.

शेवटी वाडीचा गावकर आला. गावकर म्हणजे वाडीचा मानाचा माणूस, देवाचं आणि भांडणाचं बघणारा. सत्तरीचा, काटक. त्यानं बांबूचं टोक उचलून पाहिलं आणि कोणाकडेच न बघता म्हणाला, "मेला तर चार जण लागतातच. जिता हाय तवर उचलला तर काय बिघडलं?"

मग मुंबईत तीस वर्षं रिक्षा चालवून परत आलेला एक जण पुढे झाला. तिसरा मी, मला आता वेगळं काही व्हायचं उरलं नव्हतं. चौथा कोणी येईना. तेव्हा रोग्याच्या बायकोनं पदर खोचला आणि मागचं टोक खांद्यावर घेतलं. मॅडमनी सगळ्यांना मास्क लावले, रोग्यालाही लावला, आणि आम्ही निघालो. उतारावर तो एकदाच बोलला. म्हणाला, "शेरडांना पाणी नाय घातलं." बायको मागून म्हणाली, "घातलंय."

बायको त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. तिथे तिलाही वेगळं ठेवणार होते. उरलेल्या आम्हा तिघांना मॅडमनी परत वर नेलं आणि बंद शाळेत ठेवलं. चौथी त्या वारलेल्या थोरल्याची बायको. तिनं नवऱ्याची शुश्रूषा केली होती, म्हणून तीही. एका वर्गात ती, दुसऱ्या वर्गात आम्ही तिघं, प्रत्येकाचं अंथरूण एकेका भिंतीला. मॅडमनी फरशीवर खडूनं रेघा मारल्या आणि रेघ ओलांडायची नाही म्हणून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, दोन वेळा ताप मोजायचा, सात दिवस. गावकरानं विचारलं, सात दिवसांनी काय होतं. मॅडम म्हणाल्या, "काही होत नाही. म्हणूनच सात दिवस."

मी झेंड्याच्या खांबाजवळ जाऊन घरी फोन केला. आमचं घर खाली बाणकोटच्या खाडीकडे. बायकोला सांगितलं, सात दिवस येणार नाही.

"कसलं काम आहे?"

"पिसवांचं."

ती म्हणाली, "येताना घरात आणू नका."

खरं कारण मी तिला नंतर सांगितलं. माझी आई तेव्हा आमच्याकडे होती, तिच्या कानावर गेलं असतं तर तिनं अख्ख्या मोहल्ल्याला दुआ करायला बसवलं असतं. मला भीती वाटत होती का, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. वाटत होती. मला दोन वेळा ताप मोजायला सांगितलं होतं, मी सात-आठ वेळा मोजत होतो आणि वहीत दोनच लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी रिकामी झाली. झालं असं, की वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं तिच्या सासूकडून ऐकलं होतं, उंदीर पडले की घर सोडायचं. सासूला तिच्या सासूनं सांगितलं होतं. आता सांगायची वेळ आली तशी तिनं सांगितलं, आणि लोकांनी ऐकलं. प्रत्येक घर आपापल्या शेतातल्या मांगरात, म्हणजे अवजारं आणि गवत ठेवायच्या खोपटात, राहायला गेलं. उजाडल्यावर सामान डोक्यावर घेऊन माणसं सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळपठारावर, चढताना आम्ही शाळेच्या खिडकीतून पाहिली.

थोड्या वेळानं तालुक्याचे साहेब चार जणांचं पथक घेऊन सर्वेक्षणाला आले. त्यांना कोंबड्या भेटल्या. ते कुंपणाबाहेर उभे राहून मला म्हणाले, "लोक कुठे गेले?"

"सड्यावर. मांगरांत."

"कोणी सांगितलं त्यांना जायला?"

"एका बाईच्या सासूच्या सासूनं."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. पण मॅडम आल्यावर त्यांनी सड्याकडे पाहिलं, बोटांनी मांगर मोजले आणि म्हणाल्या, "प्रत्येक कुटुंब वेगळं, मोकळी हवा, उंदरांपासून लांब. मी हेच सांगणार होते. फक्त मला हे पटवायला चार दिवस लागले असते." त्या दिवसापासून त्या आणि सिस्टर रोज दोन वेळा मांगर ते मांगर फिरून गोळ्या देत. समोर उभं राहून गिळायला लावत आणि तोंड उघडायला सांगत.

रिकाम्या वाडीत जायची परवानगी फक्त मला होती, कारण मी आधीच संपर्कात आलेल्यांच्या यादीत होतो आणि पिसवांची पावडर मारायचं काम दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. पांढरा सूट, गमबूट, दोन मास्क. घराघरांत भिंतींच्या कडेनं, बिळांच्या तोंडाशी पावडर मारायची, सुकटीचं आमिष लावलेले पिंजरे मांडायचे, दुसऱ्या दिवशी पाहायचे. लोक सड्यावरून ओरडून कामं सांगत. कोंबड्यांना दाणे घाला. वेलीवरचं पडवळ तोडा, जून होईल. एका बाईनं सांगितलं, देवापुढे दिवा लावा.

त्याबद्दल मी गावकराला विचारलं. म्हटलं, "बाबा, मी लावला तर चालेल?"

त्यानं थोडा विचार केला. "तुमच्याशिवाय हाय कोण तिथं? लावा. फकस्त तेल जास्ती घालू नका, उंदीर येतात."

सहा घरांत दिवे लावायचे होते. ते आटोपून परत आलो की शाळेच्या व्हरांड्यात माझा नमाज. रिक्षावाला म्हणायचा, "भाई, तुमची ड्युटी दोन्ही डिपार्टमेंटला लागली."

आता त्याच दुसऱ्या दिवसाची एक गोष्ट सांगायची, जी मला सोपी करून सांगता येत नाही.

मॅडमनी पहिल्याच दिवशी यादी केली होती: थोरला आजारी असताना घरात कोण कोण होतं, अंत्ययात्रेला कोण होतं. त्यांनी थोरल्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, विचारलं, गावकराला विचारलं, आणखी पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांनी तीच नावं सांगितली. यादी इतकी जुळली की मॅडमना समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात बसून सूट वाळत घालत होतो. वहिनी झेंड्याच्या खांबाला टेकून फोनवर बोलत होती. खांबाजवळ बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, पण तोवर आम्ही एकमेकांचे फोन न ऐकल्यासारखं करायला शिकलो होतो. ती हळू बोलत होती.

"ताप किती हाय? ... खोकला कवापासनं? ... नाय, कुणाला सांगू नको. सासूला तर नायच. पोरीला जवळ घेऊ नको म्हणजे झालं."

ती फोन ठेवून वळली तेव्हा आमची नजरानजर झाली. मी विचारलं, "वहिनी, कोण आजारी आहे?"

"कोण नाय."

मी सूट दोरीवर टाकला. मग म्हटलं, "मुलगी का?"

ती व्हरांड्याच्या पायरीवर, खडूच्या रेघेच्या पलीकडे बसली. तिची एकुलती एक मुलगी मुंबईकडे दिवा गावात दिलेली होती. चाळीत एका खोलीत सासू, दीर, नवरा, ती आणि दोन वर्षांची मुलगी. बाप अत्यवस्थ आहे कळल्यावर ती एकटीच आली, एक रात्र बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली, राख सावडून झाल्यावर परत गेली. सासूनं दोनच दिवसांची परवानगी दिली होती.

"मॅडमना का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करतील त्या? तिच्या दारात गाडी नेतील. सगळी चाळ बगील. तिची सासू तिला घरात ठेवील काय? लग्नाच्या वक्ताला काय काय बोलणी खाल्ली हायत ते मला म्हाईत." मग ती म्हणाली, "थंडीचा खोकला असंल. भाई, तुमी ऐकलं नाय असं करा."

मी आत गेलो. गावकर भिंतीला टेकून बसला होता. त्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, मुलगी आली होती?"

"सगळ्या वाडीला म्हाईत हाय," तो म्हणाला. "आमच्या वाडीची लेक हाय ती."

मॅडमनी सांगितलेला एक ते दीड दिवस माझ्या डोक्यात होता. तो कधीपासून मोजायचा, हे मला कळत नव्हतं. मी वहिनीकडे परत गेलो आणि म्हटलं, तुम्हीच मॅडमना फोन करा, मी करत नाही. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत बघू, तापलीच तर सांगू. मी म्हटलं, तापली आहे. ती म्हणाली, "तुमची लेक असती तर?"

मला दोन मुली आहेत. मी खांबाजवळ गेलो आणि मॅडमना फोन लावला. वहिनी पायरीवरच बसून होती, तिच्यासमोर मी सगळं बोललो. लपून करायचं धाडस मला झालं नाही आणि लपायला दुसरीकडे रेंजही नव्हती. मुलीचा नंबर मी वहिनीकडे मागितला. तिनं फोन माझ्यासमोर फरशीवर ठेवला, हातात दिला नाही, आणि आत निघून गेली.

गावकर म्हणाला, "बरं केलंत." थोड्या वेळानं म्हणाला, "पण आता इथं पाच दिस तिच्यासमोर बसायचं हाय तुमाला."

संध्याकाळच्या आत मुलीच्या दारात गाडी गेली. वहिनीनं सांगितलं होतं तसंच सगळं झालं. अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं चाळीत शिरली, तिला उचलून नेलं, मागून सासू, दीर, नवरा आणि लहान मुलगी यांनाही नेलं, खोलीला कुलूप घातलं, आणि शेजारच्या बारा खोल्यांत गोळ्या वाटल्या. कोणीतरी ते सगळं मोबाइलवर काढलं. मुलीला त्या दिवशी एकशे तीन ताप होता. मॅडमनी नंतर मला सांगितलं की तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतक्या लवकर कसं कळलं. मॅडम म्हणाल्या, "आमच्या कीटक समाहारकांनी कळवलं." तिकडच्या माणसानं पद पुन्हा एकदा सांगायला लावलं.

पुढचे दिवस मी मोजून काढले. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचे फोन चालू होते, रोज दोन वेळा, आता ती खांबाजवळ मोठ्यानं बोलायची. त्यामुळे आम्हाला कळत होतं: ऑक्सिजन लावलाय, आज पेज घेतली, आज ताप नाही. ती मुद्दाम मोठ्यानं बोलत होती की तिला आता काही लपवायचं उरलं नव्हतं, हे मला कळलं नाही. जेवण कुंपणाशी यायचं. भाकरी, कुळथाची पिठी, कधी सुकट. वाढून घ्यायला ती सगळ्यात आधी जायची आणि माझ्या वाटणीचं बाजूला झाकून ठेवायची. तेवढं ती करत होती. मी घ्यायला आलो की मात्र पाठ फिरवायची.

थोरल्याचं दहावं त्याच दिवसांत आलं. क्रिया करणारा धाकटा दवाखान्यात. गावकरानं शाळेच्या कुंपणाशी पिंड ठेवला, आम्ही सगळे आपापल्या रेघेमागे उभे राहिलो. कावळा लगेच आला. लोक सड्यावर गेल्यापासून वाडीतल्या कावळ्यांना खरकटं मिळत नव्हतं, त्यामुळे त्यानं फार विचार केला नाही. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा रडली. रिक्षावाला पुढे जायला निघाला आणि रेघेपाशी थांबला. आम्ही तिघं पुरुष उभे होतो आणि कोणालाच तिच्याजवळ जाता येत नव्हतं. शेवटी सिस्टर सड्यावरून खाली आल्या तेव्हा मास्क लावून तिच्याजवळ बसल्या.

आमच्यापैकी कोणाला ताप आला नाही. मांगरांतल्या एका म्हाताऱ्याला आला, त्याला लगेच खाली नेलं. तो हिवताप निघाला, त्यामुळे ते काम माझ्याच खात्याचं झालं. सात दिवस पुरे झाल्यावर मॅडमनी आम्हाला सोडलं. खडूच्या रेघा त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसल्या. लोक आणखी आठवडाभर मांगरांतच राहिले. पिंजऱ्यांत आता जे उंदीर सापडत होते त्यांच्या अंगावर पिसवा जवळपास नव्हत्या. तसा मी अहवाल लिहिला.

धाकटा तीन आठवड्यांनी घरी आला. खांद्यांचं रुंदपण गेलं होतं, शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायचा. त्यानं पहिल्यांदा शेरडं मोजली.

तपासणीचा शेवटचा रिपोर्ट बऱ्याच दिवसांनी आला. तो माझ्याकडे यायचं काही कारण नव्हतं. मॅडमनी फोन केला आणि म्हणाल्या, "काका, तोच होता."

मी म्हटलं, "बरं."

त्या बाँडचं वर्ष संपवून गेल्या. आता कुठेतरी शिकतायत. ईदला त्यांचा न चुकता मेसेज येतो.

मुलगी वाचली. दवाखान्यातून सुटल्यावर सासूनं तिला खोलीत घेतलं नाही. ती लहान मुलीला घेऊन आईकडे वाडीवर आली आणि शिमगा होऊन गेला तरी तिथेच होती. नवरा अधूनमधून यायचा, अंगणात बसायचा, मुलीला खेळवून परत जायचा. पुढच्या गणपतीला त्यानं दिव्यातच दुसरीकडे वेगळी खोली घेतली आणि दोघींना घेऊन गेला. त्या खोलीत सासू कधी आली नाही, असं सिस्टर सांगत होत्या.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी डासांच्या पाहणीला मी त्या वाडीत गेलो. गावकर तोवर वारला होता, वयानं. वहिनीच्या घराला टाळावं असं मनात आलं, पण घरांचा क्रम ऑफिसनं ठरवून दिलेला होता. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मला पाहून तिनं पाटा-वरवंट्याजवळचा पाट पायानं पुढे सरकवला. मी बसलो. तिनं पाणी आणून दिलं. मी आत जाऊन भिंती पाहिल्या, दोन डास मिळाले, परत येऊन लिहीत बसलो.

ती म्हणाली, "तवा तुमी सांगायला नको हुतं."

मी म्हटलं, "हो."

"ती जगली ते तुमच्यामुळं. मॅडम बोलल्या मला."

"हो."

ती आमसुलं उलटी करत राहिली. एक ओळ पुरी केली.

"तरी," ती म्हणाली.

मी वही मिटली. तिनं विचारलं, चहा घेणार का. मी घेतो म्हटलं, आणि ती आत चूल पेटवायला गेली.